एकोप्याची धुलाई

श्रीरामपूर,
नाताळच्या अलीकडचा सोमवार

तीर्थस्वरूप नोहादादांस,

धाकटा भाऊ शलमोन याचा प्रभूच्या नावात सलाम. एलिझाबेथवहिनींना सलाम, आराधनाला आशीर्वाद आणि जावईबापूंना यथायोग्य. पुण्यात तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फत्ते झालं आणि आता डाव्याला पट्टी आहे असं कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका, मी विचारत फिरत नव्हतो, कानावर आलं. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, डोकं खाली वाकवू नका, तिखट कमी खा. इकडे आम्ही सुखरूप आहोत. ‘सुखरूप’ या शब्दाचा खुलासा पुढे येईलच.

एक डोळा पट्टीत आणि दुसरा काळ्या चष्म्यात, म्हणजे हे पत्र आराधनाच वाचून दाखवणार. बाळ आराधना, सावकाश वाच, स्वल्पविरामाला थांब आणि जिथं माझा आवाज चढलेला दिसेल तिथं तूही चढव. (कंसात जे लिहीन ते मात्र मनातल्या मनात वाच, ते फक्त तुझ्यासाठी. पप्पांनी ‘मध्येच का थांबलीस’ म्हणून विचारलं तर खोकल्याचं निमित्त सांग.)

आता तुम्ही म्हणाल, आपला तर अबोला आहे, मग हे पत्र कसलं? अबोला आहेच. तो मी मोडलेला नाही आणि मोडणारही नाही. पण आपण बोलायचं नाही असं ठरलं होतं, लिहिण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं. मी सगळी नोकरी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, नियम कुठं संपतो ते मला बरोबर कळतं. जावईबापू शेजारी बसले असतील तर त्यांच्या माहितीसाठी सांगतो की आमच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, दोघा मुलांसाठी एकाच छपराखाली दोन दारांचं घर बांधलं. मधोमध ‘एकोपा’ असं नाव सिमेंटच्या उठावदार अक्षरांत केलं. ती अक्षरं दादांनी, तेव्हाच्या चित्रकलेच्या मास्तरांनी, स्वतःच्या हातानं घडवली. नाताळचा स्टार त्या नावावर बांबू उभा करून लावायचा, अशी पद्धत. एका वर्षी दादा म्हणाले, बांबू तुझ्या बाजूला सरकलाय. मी म्हटलं, सरकलेला नाही. दादांनी टेप आणली. टेपेनं बांबू माझ्या बाजूला वीतभर निघाला. मी म्हटलं, टेप ओढून धरली. झालं! तेव्हापासून दोन टोकांना दोन स्टार लागतात आणि कॅरोलवाल्यांना कुठल्या दारात गावं ते कळत नाही, म्हणून ते बिचारे मधल्या लाइटच्या मीटरपुढे उभे राहून गातात. चर्चमध्ये आम्ही एकमेकांना सलाम करतो, कारण पाळकसाहेब बघत असतात.

असो. मुद्दा भिंतीचा आहे. आण्णांनी मिशनचा बंगला बघून हौसेनं दाणेदार गिलावा करून घेतला, थापीनं सिमेंट-वाळू फेकून मारलेला. दिसायला देखणा, पण प्रत्येक दाण्याआड धुळीला बसायला जागा. त्यात उसाचा हंगाम लागला की कारखान्याच्या धुराड्यातून काजळी उडते, ती वर्षानुवर्षं बसत आली. पावसाळ्यात शेवाळ चढलं, ते वाळून काळं झालं. यंदा रंग काढावा म्हणून रंगारी बोलावला तर त्यानं नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाला, आधी धुवा, यावर रंग मारला तर पाडव्याला पोपडे निघतील. घासून धुवायला गेलो तर ब्रश झिजला, बोटं सोलली आणि भिंत होती तशीच. तेव्हा आमच्या मंडळीनं, म्हणजे घरातल्या, चर्चमधल्या नव्हे, सुचवलं की कल्याण म्हणून पोरगा आहे, त्याच्या वॉशिंग सेंटरवर उसाचे ट्रॅक्टर धुतात ते मशीन आणा.

कल्याणनं मशीन टेम्पोत घालून आणून दिलं आणि पाणी मारायची बंदूक माझ्या हातात देताना एवढंच म्हणाला, “काका, जपून बरं का. ही धार लई वंगाळ हाय. पायावर घेतली तर चप्पल न्हाई, पाय जायचा.” मी त्याला सांगितलं की बाबा, मी नियमाचा माणूस आहे. तयारीही तशीच केली होती. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मंडळीचं डोकं उठवलं होतं. दाणेदार गिलाव्याला सुईसारखी सरळ धार मारायची नाही, पंख्यासारखी पसरणारी मारायची. भिंतीपासून चांगलं लांब उभं राहायचं, धार तिरकी ठेवायची, सरळ मारली की पाणी गिलाव्याच्या पोटात शिरतं. शिडीवर चढून मारायचं नाही, कारण बंदूक मागे ढकलते. त्यापेक्षा लांब दांडा लावायचा. भेगा आधी बुजवायच्या, त्या सुकू द्यायच्या, खिडक्या लावायच्या, बटणं आणि मीटर प्लास्टिकनं झाकायचे, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. साबण खालून वर लावत जायचा आणि पाणी वरून खाली, नाहीतर ओघळ उठतात. हे सगळं मी अंगणात उभा राहून स्टँडवरच्या आवाजात मंडळीला दोनदा वाचून दाखवलं. शेजारचे बजरंगराव कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “कोणती गाडी लागलीय?” असल्या माणसांना काय बोलायचं!

आता नीट ऐका दादा, कारण इथून पुढे दोष कुणाचा हा प्रश्न येतो. व्हिडिओत एक फार महत्त्वाचा नियम होता. सगळी भिंत धुण्याआधी, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा कोपऱ्यात हातभर जागा धुऊन बघायची, म्हणजे गिलावा धरतोय की सुटतोय ते कळतं. तुम्हीच सांगा, माझ्या बाजूला असा कोपरा आहे कुठं? माझी बाजू रस्त्याला उघडी, सगळं गाव बघतं. तुमच्या बाजूला मात्र पपईमागे असा झकास आडोसा आहे. शिवाय मालक पुण्यात आणि त्यांच्या डोळ्याला पट्टी. याहून नजरेआड जागा सबंध जिल्ह्यात सापडली नसती. म्हणून केवळ शास्त्र म्हणून, चाचणी म्हणून मी पहिली धार तुमच्या भिंतीवर मारली. यात प्रेमाचा वगैरे काही संबंध नव्हता, हे स्पष्ट लिहून ठेवतो. आराधना, हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

खटका दाबला मात्र, बंदुकीनं मला असं काही मागे रेटलं की मी थेट पपईच्या आळ्यात जाऊन बसलो. बसताना खटका दाबलेलाच राहिला. धार आधी आभाळात गेली, मग बजरंगरावांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि शेवटी पपईवर. सदरा कुंपणापलीकडच्या शेळीच्या अंगावर जाऊन पडला आणि शेळी तो घालून गल्लीत निघून गेली. पपई बुंध्यापासून गेली. (वहिनींना पपईचं एवढ्यात सांगू नकोस, बाळ. चार-पाच पपया धरल्या होत्या. त्या आम्ही खाल्ल्या. गोड होत्या.) मंडळी धावत आली आणि मला उठवायच्या आधी तिनं मशीन बंद केलं. तिचा प्राधान्यक्रम माझ्या लक्षात आहे.

उठून बघतो तर काय, चाचणी उत्तम! गिलाव्याचा एक दाणा हललेला नव्हता आणि मूळचा फिकट पिवळा रंग असा उघडा पडला होता की क्षणभर मला आण्णा बादली घेऊन उभे दिसले. पण आडोशाची पपई आडवी झाल्यामुळे ती हातभर जागा आता रस्त्यावरून चमकायला लागली. काळ्या भिंतीवर पिवळा चौकोन! अंगात शेळीनं चघळलेला सदरा घालून बजरंगराव आले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, “आता हे काय केलं तुमी? नोहामास्तरच्या भितीला कोड फुटल्यावानी दिसतंय की!” मला घाम फुटला. तुम्ही येणार, तो चौकोन बघणार आणि म्हणणार, शलमोननं माझ्या भिंतीवर प्रयोग केले. तो डाग लपवायला मी आधी चुलीतली राख कालवून लावून बघितली, ते आणखीच भिकार दिसलं. मग दुसरा मार्ग एकच उरला, बाकीचं काळं काढायचं. म्हणून चौकोन थोडा वाढवला. वाढवला तर त्याची कड दिसायला लागली. कड काढली तर पुढची कड. असं करत करत मी तुमच्या खिडकीपर्यंत पोचलो, तेव्हा मंडळी म्हणाली, अहो, आपली बाजू कधी? मी म्हटलं, चाचणी अजून संपलेली नाही.

खिडकीपाशी खरा घोटाळा झाला. माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्या मी लावल्या होत्या, पण तुमचा वरचा झरोका आतून उघडा राहिलाय हे मला बाहेरून कसं कळणार? पाणी आत जातंय हे मला तेव्हा कळलं जेव्हा ते तुमच्या दाराखालून बाहेर यायला लागलं. आत जायला किल्ली हवी. आणि दादा, किल्ली बजरंगरावांकडे निघाली. एक सांगतो, त्याचं मला फार लागलं. भिंतीला भिंत लागून सख्खा भाऊ राहतो आणि किल्ली कुंपणापलीकडे दिली! मी ती मागायला गेलो तेव्हा बजरंगरावांनी ओल्या चपलांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न बोलता किल्ली काढून दिली. ते जर काही बोलले असते तर मी तिथंच रडलो असतो. एवढं तुमच्या कानावर घालायचं होतं, घातलं. पुढे.

(आराधना, आता खोक. पेटीवरच्या गाद्या आणि वहिनींच्या सगळ्या गोधड्या भिजल्या होत्या. आमच्या गच्चीवर टाकून उन्हात खडखडीत वाळवल्या, घड्या घालून जशाच्या तशा ठेवल्या. खालची निळी गोधडी वर आणि वरची लाल खाली गेली असेल तर सांभाळून घे. भिंतीवरचा आण्णांचा फोटो थेंबानंही भिजलेला नाही. तो मी पुसला, पुसायचं कारण नव्हतं तरी पुसला.)

झरोक्याला पिशवी बांधून काम पुन्हा सुरू केलं आणि आता येते वाईट बातमी. दादा, बसला असाल तर बसूनच राहा. नावापाशी आलो. तुमची अक्षरं म्हणून दांडा दोन्ही हातांनी धरला, लांब उभा राहिलो, धार तिरकी ठेवली, सगळं नियमानं. पा स्वच्छ निघाला, को स्वच्छ निघाला. ए सुद्धा निघत आला होता, पण त्याच्या पोटात काजळीचा एक ठिपका असा काही घट्ट बसला होता की तो सुटेना. आयुष्यात पहिल्यांदा मी नियम मोडला आणि हातभर पुढे गेलो. ठिपका गेला. त्याच्याबरोबर ए सुद्धा गेला, सबंध, एका झटक्यात! खाली फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले. आता आपल्या घरावर लखलखीत अक्षरांत ‘कोपा’ असं लिहिलेलं आहे. शाळेची पोरं जाता-येता मोठ्यानं वाचतात. पोस्टमन तर शनिवारी मंडळीला विचारत होता की कोपा हे आडनाव गोव्याकडचं का. मी सिमेंट कालवून नवा ए करून बघितला, तो प झाला आणि दिवसभर घराचं नाव ‘पकोपा’ होतं. संध्याकाळी मीच खरवडून काढलं. मला अक्षर येत नाही हे तुम्ही शाळेत असल्यापासून सांगत आलात, ते आता सगळ्या गल्लीनं मान्य केलंय.

तरी इथवरचं घरातल्या घरात राहिलं असतं. पण परवा पाळकसाहेब सायकलीवरून जाताना थांबले. त्यांना काय दिसलं? मोठ्या भावाची बाजू धुऊन लख्ख आणि धाकट्याची काळीकुट्ट. त्यांनी मला काही विचारलं नाही, नुसती माझ्या खांद्यावर थाप मारली आणि डोळे पुसत गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. काल रविवारी उपदेशात त्यांनी आमचा दाखला दिला. म्हणाले, आपल्यातला एक बंधू स्वतःची भिंत तशीच ठेवून आजारी भावाची भिंत धुतो, आणि आपण? सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. बाया पदरानं डोळे टिपताहेत! मी उभा राहून चाचणीचा खुलासा करणार होतो, पण मंडळीनं कोपरानं असं ढोसलं की बसूनच राहिलो. बाहेर पडल्यावर माणसं रांगेनं सलाम करायला आली. एका म्हातारीनं तर माझे हात डोळ्यांना लावले. इतका मान मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाला नव्हता आणि तो सगळा खोटा. ही बातमी तुमच्याकडे पुण्यात पोचायच्या आत खरं काय ते तुम्हाला कळावं, हेच पत्र लिहिण्याचं कारण. शलमोनला भावाचा उमाळा आला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शास्त्रीय चाचणी थोडी लांबली, एवढंच.

आता माझ्या बाजूचं म्हणाल तर ती तशीच आहे. उसाचे ट्रॅक्टर वाढले म्हणून कल्याण मशीन घेऊन गेला. त्यामुळे आपलं घर सध्या साबणाच्या जाहिरातीसारखं दिसतं, आधी आणि नंतर. लोक थांबून बघतात. एकानं मशीनचा पत्ता विचारला, तो दिला.

बाकी विशेष काही नाही. थंडी पडली आहे, हरभऱ्याची भाजी बाजारात आली आहे, शंकरपाळ्या झाल्या, करंज्या व्हायच्या आहेत. डोळ्यांना जपा. पत्राचं उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. वहिनींना पुन्हा सलाम. (आराधना, किती वेळा खोकलीस? कोमट पाणी पी.)

तुमचा, भिंतीपलीकडचा,
शलमोन

ता.क. एची सगळी शकलं मी घमेल्यात भरून ठेवली आहेत. इथले दोन गवंडी बघून गेले, दोघांनाही त्याचं वळण जमणार नाही. तेव्हा तुम्ही आल्यावर तेवढं बघा. सिमेंट मी कालवून देईन, घमेलं मी धरीन. कामाच्या वेळी बोलण्याची गरज नाही. वाळू लागली तर बोट करा.

ता.क. दुसरा. आराधना, डॉक्टरांनी पट्टी नक्की कधी सोडायची म्हटलंय ते मंडळीच्या मोबाईलवर कळव. मला तसं काही नाही, मंडळी सारखी विचारते.

ता.क. तिसरा. आराधना, मी सत्यशीलाकाकी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय आणि हे दाढी करायला गेलेत. माझं मात्र कंसात नाही, मोठ्यानं वाच. भाऊजी, सलाम. मी काही विचारत नव्हते, रोज सकाळी हेच विचारतात, आज पट्टी सुटली का. चाचणी वगैरे सगळं खोटं आहे. तुमच्या ऑपरेशनचं कळलं त्याच दिवशी म्हणाले, दादाला आता स्वच्छ दिसायला लागेल, आणि घरी येऊन पहिली ती काळी भिंत दिसायला नको. कल्याणला मशीन सांगितलं तेव्हाच सांगितलं होतं, एकाच बाजूचं काम आहे. कुठली बाजू ते मी विचारलं नाही. आमची बाजू पुढच्या वर्षी बघू, तिचं काही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरी आलात की दारात जरा थांबा आणि भिंतीकडे बघून ‘बरी निघालीय’ एवढं म्हणा. यांना नका म्हणू, भिंतीलाच म्हणा. हे शेजारीच उभे असतील.